पंचवीस अंशांचं अंतर

अण्णांची पत्रिका बघायची विद्या उजव्या हाताच्या बोटांत होती. चार बोटं, प्रत्येकाची तीन पेरं, म्हणजे बारा. बारा पेरं म्हणजे बारा घरं. शनी ज्या घरात असेल तिथे अंगठा ठेवायचा आणि तिथून पुढे सरकवत न्यायचा. तिसरं, सातवं, दहावं, या घरांवर शनीची दृष्टी. मंगळ चौथ्या, सातव्या आणि आठव्या घराकडे बघतो, गुरू पाचव्या, सातव्या आणि नवव्या. समोरचा माणूस आपली कर्मकहाणी सांगत असायचा आणि मांडीवर ठेवलेल्या हाताचा अंगठा आपोआप फिरत असायचा. त्याचं बोलणं संपेपर्यंत अण्णांचं उत्तर तयार. चाळीस वर्षं त्यांनी अशी काढली, हिशोबासाठी कागदावर एकही आकडा न मांडता.

गेल्या थंडीत तो हात गेला. अर्धांगाचा झटका आला. वाचा परतली, पाय काठीच्या आधाराने चालू लागला, पण उजवा हात मांडीवर ठेवला की ठेवला तिथेच राही. डाव्या हातावर मोजायला गेले तर अंगठा भलत्याच दिशेला निघे आणि आठव्याचं सहावं होऊन बसे. एकदा एका बाईला त्यांनी ठामपणे सांगितलं, गुरूची दृष्टी तुमच्या संततीच्या घरावर आहे, काळजी सोडा. ती खुशीत जिना उतरली आणि मग अण्णांच्या लक्षात आलं की ती दृष्टी होती तिच्या सासूच्या घरावर. सुनेला तिच्या मागे धावावं लागलं. सून धापा टाकत परत आली तेव्हा अण्णा म्हणाले, "दारावरची पाटी काढ."

"एका चुकीसाठी?"

"पुढची चूक कुणाच्या आयुष्यात होईल ते मला माहीत नाही, म्हणून."

पाटी निघाली. अण्णा खिडकीशी बसू लागले. मुलगा मालवाहू जहाजावर, आठ-आठ महिने घराबाहेर. घरात हे दोघंच. सून गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात आरेखक होती. कारखान्यात आता सगळं संगणकावर चालायचं, पण ती शिकली होती एका जुन्या मुख्य आरेखकाच्या हाताखाली, मोठ्या फळीवर, टोकदार पेन्सिलीने. संध्याकाळी येऊन ती स्वयंपाक करी, अण्णांचा हात कोमट पाण्यात धरून बोटं एकेक करून उघडी-मिटी करी.  बोटं उघडत मिटत, पण ती उघडायची आणि मिटायची तिच्या जोरावर.

अशाच एका संध्याकाळी तिने विचारलं, "अण्णा, दृष्टी म्हणजे नेमकं काय हो?"

"ग्रह कुणाकडे बघतो ते."

"म्हणजे कोन."

"कोन नव्हे. घरं. घरं मोजायची."

"पण एक घर तीस अंशांचं, हो ना? मग एक ग्रह त्याच्या घराच्या उंबऱ्याशी बसला असेल आणि दुसरा त्याच्या घरात पार मागच्या भिंतीला टेकून, तर?"

"तरी घर तेच राहतं."

"आमच्याकडे दाता एक अंश इकडचा तिकडे झाला तर गिअर फिरतच नाही."

"ग्रह काही तुमच्या कारखान्यात तयार होत नाहीत," अण्णा म्हणाले, आणि कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं.

कोनाने दृष्टी मोजणारी माणसं त्यांना माहीत नव्हती असं नाही. ज्योतिषांच्या बैठकीत अशी दोघं-तिघं नेहमी असायची. ग्रहांचे अंश मांडायचे, वजाबाकी करायची, एकशेवीस आलं तर नवपंचम म्हणजे स्नेहाचा योग, नव्वद आलं तर केंद्र म्हणजे संघर्षाचा, आणि चार-पाच अंश इकडेतिकडे झाले तर चालवून घ्यायचे. शनी, मंगळ, गुरूच्या खास दृष्ट्यादेखील ते घरांनी न धरता नेमक्या अंशांवर धरायचे. अण्णा त्यांना 'कोनमापकवाले' म्हणायचे आणि त्यांच्या वहीत डोकावून विचारायचे, "काय, आज कुणाचा आकाशातला प्लॉट मोजताय?" सगळी बैठक हसायची.

पुढच्या रविवारी सुनेने जेवणाचं टेबल अडवलं. कारखान्यातून जाड पांढरा पुठ्ठा आणि पारदर्शक फिल्म आणली होती. पुठ्ठ्यावर तिने ताटाएवढं वर्तुळ काढलं, तीनशे साठ रेघा मारल्या, बारा राशी लिहिल्या. फिल्मची तेवढीच दुसरी चकती केली. तिच्यावर एक बाण आणि बाणापासून ठरावीक अंशांवर रेषा ओढल्या: काळ्या रेषा खास दृष्टीच्या, लाल केंद्राच्या, हिरव्या नवपंचमाच्या. दोन्ही चकत्या मध्यात रिव्हेट मारून जोडल्या. बाण ग्रहावर ठेवला की तो कुठे कुठे बघतो ते समोर दिसावं. फिरवायला एकच हात पुरे, आणि तो डावा असला तरी अडायचं कारण नव्हतं.

"फोनवर एका मिनिटात निघतं हे सगळं," ती म्हणाली, "पण तुम्ही फोनला हात लावणार नाही."

"फोन उत्तर देतो. बघू देत नाही."

"म्हणूनच हे केलं."

अण्णांनी चकतीकडे पाहिलं आणि म्हणाले, "रेषा छान आल्यात." बस्स, तेवढंच. चकती खिडकीच्या कट्ट्यावर तशीच पडून राहिली. चार दिवस त्यांनी तिला बोट लावलं नाही. पाचव्या दिवशी सून कामावरून आली तेव्हा बाण कर्केच्या अठराव्या अंशावर होता. तिने पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं, आणि चहाचं आधण ठेवायला गेली.

मग रविवारी अण्णा स्वतःच म्हणाले, "नुसतं फिरवून काय उपयोग? पडताळून बघायला हवं. ज्यांचं पुढे काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे, अशा पत्रिका काढ. कपाटात खाली, निळ्या कापडात."

निळ्या कापडात घरच्या पत्रिका होत्या. प्रत्येकीत ग्रहांचे अंश लिहिलेले होते. अण्णांच्या गुरुजींची ती शिस्त होती, पण अंश लिहायचे आणि विसरून जायचे, तिथेच ती संपे. सून वाचू लागली, अण्णा बाण लावू लागले. आधी त्यांच्या वडिलांची पत्रिका झाली. मग दिवंगत बायकोची झाली. तिच्या पत्रिकेत चंद्र-गुरूची हिरवी रेषा अंशाच्या आत जुळली आणि अण्णा पुटपुटले, "ते कळायला चकती नको होती." मग मुलाची. दोन्ही पद्धती कुठे जुळत होत्या, कुठे नव्हत्या. अण्णांना त्यात गंमत वाटू लागली होती. एकदा तर त्यांनी जीभ चावली आणि लहान मुलासारखे म्हणाले, "थांब, थांब, सांगू नकोस, मला बघू दे."

चौथी पत्रिका धाकटीची निघाली. धाकटी म्हणजे अण्णांची एकुलती बहीण, त्यांच्याहून आठ वर्षांनी लहान. पूल ओलांडून पलीकडच्या बाजूला तिचं शिवणकामाचं दुकान होतं आणि वरच्या खोलीत घर. तिने लग्न केलं नव्हतं.

"शनी मेषेत, सत्तावीस अंश," सुनेने वाचलं. "शुक्र मकरेत, दोन अंश."

अण्णांनी बाण मेषेच्या सत्ताविसाव्या अंशावर आणला. दहाव्या दृष्टीची काळी रेषा मकरेच्या शेवटाला गेली. शुक्र होता मकरेच्या तोंडाशी.

"पुन्हा वाच."

तिने पुन्हा वाचलं.

"पंचवीस अंश," अण्णा म्हणाले. "पंचवीस अंशांनी चुकतेय." मग त्यांनी मान वाकवून जवळून पाहिलं. शुक्राच्या अगदी शेजारून, पाच अंशांवरून, हिरवी रेषा जात होती. चकतीवरचा त्यांचा हात तसाच थांबला.

"अण्णा? काय झालं?"

"काही नाही. बांधून ठेव ते."

त्या दिवशी ते जेवले नाहीत. सुनेने सूप पुढे ठेवलं, ते निवून गेलं. तिने वाटी उचलली नाही, समोर खुर्ची ओढून बसली. मग अण्णा बोलू लागले.

तेहतीस वर्षांपूर्वीची गोष्ट होती. धाकटी चोवीस वर्षांची होती. गावातल्या घड्याळजीने तिला मागणी घातली. माणूस सरळ, निर्व्यसनी, स्वतःचं दुकान. वडील नव्हते, घरात अण्णांचा शब्द. त्यांनी पत्रिका मांडली, अंगठा फिरवला. नीच राशीतला शनी, त्याची दहावी दृष्टी शुक्रावर, लग्नसुखाच्या ग्रहावर. जेवणाच्या टेबलावर त्यांनी सर्वांसमोर सांगितलं, हे लग्न लाभायचं नाही, नकार कळवा. धाकटी उठून आत गेली. दाराआडून तिचं रडणं ऐकू येत होतं. त्यानंतर तिने कुठलंच स्थळ बघितलं नाही.

"ती आजही येते," अण्णा म्हणाले. "दवाखान्यातही फळं घेऊन आली होती. दहा मिनिटं बसते, तब्येत विचारते, जाते. तेहतीस वर्षं आमच्यात दहा मिनिटांवर बोलणं नाही. मला वाटायचं, वाईटपणा घेतला, पण पोरीला वाचवलं. आणि आज बघतो तर मधे पंचवीस अंश. कोनमापकवाल्यांच्या हिशोबाने तर ते दोघे मित्र निघाले, शनी आणि शुक्र."

"पण अण्णा, त्यांचाच हिशोब खरा कशावरून?"

"माहीत नाही. तेच तर म्हणतोय. मला माहीत नव्हतं, आणि मी माहीत असल्यासारखं बोललो."

 सुनेने त्यांचा उजवा हात उचलून आपल्या हातात घेतला. तिकडून काही जाणवत नाही हे तिला ठाऊक होतं. तरी घेतला.

दुसऱ्या दिवशी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. अण्णांनी स्वच्छ शर्ट घातला आणि चकती पिशवीत घ्यायला सांगितली. पूल त्यांनी तीन ठिकाणी थांबत ओलांडला.

धाकटीच्या दुकानात उजेड भरपूर होता. दोन शिलाई मशीन, कापायचं लांब टेबल, भिंतीवर खुंट्यांना लटकलेले अर्धवट कपडे, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टोचलेली. ती टेबलाशी उभी राहून खडूने कापडावर आखत होती. दारात दादाला बघून तिच्या हातातला खडू पडला.

"दादा? तू पूल ओलांडून आलास? चालत? सूनबाई, वेड लागलंय का तुम्हा दोघांना?"

"तुझ्याशी बोलायचंय," अण्णा म्हणाले.

तिने खुर्चीवरचे कपडे उचलून त्यांना बसवलं. सून दाराजवळच्या स्टुलावर टेकली. अण्णांनी पिशवीतून चकती काढायला लावली, टेबलावर ठेवली, आणि डाव्या हाताने बाण फिरवून बहिणीला सगळं समजावून सांगितलं. काळी रेषा कुठे जाते, शुक्र कुठे आहे, हिरवी रेषा कुठली. 

"मी चुकलो," शेवटी ते म्हणाले. "निदान चुकलो असेन. तुझं लग्न मी मोडलं. तुझी माफी मागायला आलोय."

धाकटी चकतीकडे बघत राहिली. मग भावाकडे. मग एकदम तिला हसू फुटलं. ती आवरायला गेली तर आणखीच फुटलं. तिने तोंडाला पदरासारखा हातातला कापडाचा तुकडाच लावला.

"दादा, ही थाळी घेऊन तू माझं लग्न जुळवायला निघालास? त्या घड्याळजीला तीन मुली आहेत. तिघींचे लग्नाचे कपडे याच टेबलावर कापलेत मी."

"हसू नकोस गं."

"हसू नको तर काय करू? तुला वाटतं मी त्याच्यासाठी रडले?" ती समोरच्या मशीनच्या स्टुलावर बसली. "अरे, मी त्याच्या दुकानात गेले होते. तुम्हाला कुणाला न सांगता. पाऊण तास बसले. माणूस चांगला होता रे, पण बोलताना दर दोन मिनिटांनी मनगटाकडे बघायचा. मी बोलतेय, हा घड्याळ बघतोय. म्हटलं, जन्मभर हेच का? मला नकोच होता तो. मला कटिंग शिकायचं होतं, दुकान टाकायचं होतं."

अण्णांचं तोंड उघडं राहिलं.

"मग रडलीस कशाला?"

धाकटीचं हसू ओसरलं. हातातल्या कापडाची ती घडी घालू लागली. घडी झाली, तशी तिने ती मोडली आणि पुन्हा घातली.

"मी तयारी केली होती. आरशासमोर उभी राहून. 'दादा, मला हे लग्न करायचं नाही.' सात शब्दसुद्धा नाहीत, पण आठवडाभर म्हणत होते. तोवर घरात कुणाला कशालाच नाही म्हटलं नव्हतं मी. त्या दिवशी जेवताना सांगणार होते.  आणि मी तोंड उघडायच्या आत तू सुरू झालास. शनी काय, शुक्र काय. संपलं. माझा नकार तुझ्या शनीने घेतला." ती थांबली. "तू आकाशातल्या सगळ्यांना विचारलंस दादा. शेजारच्या खुर्चीवर मी बसले होते. मला नाही विचारलंस."

 बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"हे तू मला सांगितलं का नाहीस?" अण्णांनी हळूच विचारलं.

"कसं सांगणार? गावभर झालं होतं, बिचारीची पत्रिका आडवी आली. बायका कीव करत यायच्या आणि जाताना दोन ब्लाउज टाकून जायच्या. दुकान तर तुझ्या शनीनेच चालवलं म्हण ना." ती पुन्हा हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. "नंतर नंतर सांगायचं राहूनच गेलं. प्रत्येक वेळी यायचे तेव्हा वाटायचं, आज बोलू. मग दहा मिनिटं व्हायची आणि वाटायचं, जाऊ दे, म्हातारा झालाय, कशाला उकरायचं."

"म्हातारा?"

"मग काय तरणा आहेस?"

अण्णांनी चकतीवरचा हात काढून घेतला. डोळे पुसायला त्यांनी सवयीने उजवा हात उचलायचा प्रयत्न केला, तो उचलला नाही, म्हणून डाव्या मनगटाने पुसले.

"आता विचारतो," ते म्हणाले. "उशीर झालाय. पण विचारतो. तुला काय हवं?"

"आत्ता?"

"आत्ता."

धाकटीने थोडा विचार केला. "आत्ता मला चहा हवाय. आणि तो तू करायचास."

सून पटकन उठली, तशी धाकटीने तिला डोळ्यांनीच बसवलं. दुकानाच्या मागे छोटा ओटा होता. अण्णा काठी टेकत तिथे गेले. डाव्या हाताने त्यांनी पातेलं काढलं, पाणी ओतलं, अर्धं बाहेर सांडलं. साखरेच्या डब्याचं झाकण छातीशी धरून उघडलं. मधेच एकदा "ही चहापूड कुठे लपवून ठेवतेस?" असं ओरडले आणि धाकटीने बसल्या जागेवरून "डोळ्यांसमोर आहे!" म्हणून उत्तर दिलं. पंचवीस मिनिटं लागली. चहा कडू झाला होता. धाकटीने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला आणि म्हणाली, "नाही आवडला."

"नाही ना?"

"अजिबात नाही."

"बरं वाटलं म्हणताना?"

"फार," ती म्हणाली.

निघायची वेळ झाली तेव्हा तिचं लक्ष अण्णांच्या शर्टाकडे गेलं. वरचं बटण खालच्या काजात, सगळा शर्ट तिरका.

"हे रोज असं घालतोस?"

"एका हाताने आणखी कसं घालणार? सून लावून देते म्हणते, पण तिला सकाळी घाई असते."

धाकटी उठली. गळ्यातली टेप काढली आणि भावासमोर उभी राहिली. "सरळ उभा राहा. काठी सूनबाईकडे दे. सूनबाई, त्या वहीत लिही." सुनेने पेन्सिल घेतली. धाकटी आकडे सांगू लागली: छाती, पोट, बाही, गळा. उजव्या खांद्याशी ती थांबली. पुन्हा मोजलं. हात गेल्यापासून खांदा खाली उतरला होता.

"सव्वा इंच खाली," ती सुनेला म्हणाली, आणि भावाला सांगितलं, "समोर बटणं दिसतील, पण आत टिचबटणं लावते. एका हाताने दाबली की झालं. आणि खांद्यात थोडं भरते, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या दिसतील. रंग कुठला?"

"तुला आवडेल तो."

"दादा."

अण्णा ओशाळून हसले. "निळा," ते म्हणाले. "फिका निळा. आणि खिसा डावीकडे नको, उजवीकडे हवा. डाव्या हाताने काढता येईल असा."

"लिही सूनबाई," धाकटी म्हणाली, "खिसा उजवीकडे," आणि टेप भावाच्या मनगटाभोवती गुंडाळून त्यावर क्षणभर आपला हात ठेवून उभी राहिली.